कागदावरील आकडा आणि आयुष्याची दोरी

वाचकहो, बुऱ्हाणपूरहून खंडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, नेपानगरच्या शेजारी, आमचे चांदनी गाव आहे. येथे व आसपासच्या पाड्यांवर आशाताई एक कागद घेऊन घरोघर येतात, ही गोष्ट आता आमच्या कुटुंबांना नवी राहिलेली नाही. घरातील तीस वर्षांवरील प्रत्येक माणसाला त्या काही प्रश्न विचारतात. वय किती? तंबाखू, गुटखा, विडी रोजची की कधीमधी? दारू रोज घेता काय? आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे अंगमेहनत घडते काय? आईबाप वा भावंडे यांपैकी कोणास रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे काय? मग पिशवीतून फीत काढून त्या कमरेचा घेर मोजतात. प्रत्येक उत्तरास ठरलेले गुण असतात. त्या गुणांची बेरीज ४ च्या वर गेली, की तपासणीच्या दिवशी आरोग्य केंद्रावर अवश्य यावे असे सांगून आशाताई पुढच्या घराची वाट धरतात.

ह्या बेरजेविषयी आमच्याकडे दोन प्रकारची माणसे विचारपूस करावयास येतात. एक म्हणतो, "फादर, माझा आकडा सात निघाला. आता माझे कितीसे दिवस उरले?" दुसरा मोठ्या समाधानाने सांगतो, "माझा तीनच निघाला. तेव्हा विडी सोडण्याचे काही कारण दिसत नाही." पहिल्याच्या डोळ्यांत पाणी असते, दुसऱ्याच्या खिशात विडीचे बंडल असते. परंतु दोघांची समजूत एकच आहे. दोघांनीही त्या कागदाला जन्मपत्रिका मानले आहे. म्हणून हा आकडा काय आहे, तो कोणी व कसा काढला, आणि त्यावर किती विसंबावे, याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम बेरीज कशी होते ते पाहू. समजा, एक शेतकरी आहे. तो रोज तंबाखू मळतो. त्याचे २ गुण. त्याच्या वडिलांना मधुमेह होता. त्याचे आणखी २. कमरेचा घेर ९३ सेंटिमीटर भरला. पुरुषास ९० पर्यंत शून्य आणि त्यापुढे १ गुण, स्त्रीस ८० पर्यंत शून्य. शेतात राबतो म्हणून अंगमेहनतीचा गुण त्याच्या खात्यात चढत नाही. ही झाली ५ ची बेरीज, आणि वयाचे गुण अजून धरलेलेच नाहीत. मनुष्य धडधाकट आहे, नांगर धरतो, रविवारी दोन कोस चालत मिस्साला येतो. तरी कागद त्याला तपासणीस बोलावतो. वस्तुतः तीस वर्षांवरील सर्वांचीच तपासणी व्हावी, हा ह्या योजनेचा हेतू आहे. आधी कोणाला गाठावे, एवढेच आकडा सांगतो.

आता ह्या बोलावण्यात तथ्य किती? यासाठी चेन्नईचे एक उदाहरण घेऊ, कारण त्याचे हिशेब जाहीर झालेले आहेत. तेथील मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. मोहन व त्यांचे सहकारी यांनी २००५ साली अशीच एक गुणपत्रिका प्रसिद्ध केली. तिच्यात चारच गोष्टी विचारतात : वय, कमरेचा घेर, अंगमेहनत, आणि आईबापांपैकी एकास अथवा दोघांस मधुमेह आहे काय. एकूण गुण १००. ६० किंवा त्याहून अधिक गुण पडले तर धोका मोठा मानावा, असा नियम त्यांनी ठरविला. तो नियम रक्ततपासणीशी ताडून पाहिला, तेव्हा ६० च्या वर गुण असलेल्या शंभर माणसांत सुमारे १७ जणांना, त्यांच्या नकळत, मधुमेह असल्याचे आढळले. ६० च्या खाली असलेल्या शंभरांत असे सुमारे ५ निघाले.

हे दोन आकडे वाचकांनी सावकाश वाचावे. ज्यांना मोठा धोका सांगितला, त्या शंभरांतील त्र्याऐंशी माणसांना तो रोग नव्हताच. आणि ज्यांना धोका कमी सांगितला, त्यांच्यातील पाच जणांना तो होता. मग पहिल्याने रडावे कशाला आणि दुसऱ्याने विडी पेटवावी कशाच्या बळावर? संख्याशास्त्रज्ञ एका माणसाचे भविष्य सांगत नाही. तो आपल्यासारख्या शंभर माणसांची एक रांग कल्पितो आणि सांगतो की ह्या रांगेत इतके, आणि त्या रांगेत इतके. रांगेतला तो सतरांपैकी एक आपण आहोत की त्र्याऐंशींपैकी एक, हे रक्ताच्या एका थेंबाने कळते. म्हणून तर आशाताई बोलावतात.

ज्योतिष, हात पाहणे, पोपटाकडून चिठ्ठी काढविणे, ही सारी पहिल्या आज्ञेविरुद्ध आहेत, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. काही भाविक विचारतात की मग हा आकडाही त्यांतलाच नव्हे काय? आमचे उत्तर असे, की जोशीबुवा जे सांगतो ते टळणार नाही असे मानून सांगतो, आणि त्याच्या चुका कोणी वहीत मांडून ठेवीत नाही. संख्याशास्त्रज्ञ आपल्या चुका स्वतः मोजतो व त्या छापतो. वरचे त्र्याऐंशी आणि पाच हे त्याच्या चुकांचेच आकडे आहेत. आणि तो जे सांगतो ते टळावे म्हणूनच सांगतो. पवित्र शास्त्रातील योना संदेष्ट्याची कथा आठवा. चाळीस दिवसांत निनवे नगरी उलथून पडेल, असे त्याने रस्त्यारस्त्यांतून पुकारले. राजापासून रंकापर्यंत सर्वांनी गोणपाट नेसून उपवास केला, वाईट मार्ग सोडला, आणि नगरी वाचली. योना मात्र रुसून बसला, कारण त्याचा शब्द खोटा पडला!

हा योनाचा रुसवा संख्याशास्त्रात फार मोठी अडचण होऊन बसला आहे, हे वाचून वाचकांस नवल वाटेल. एखाद्यास धोक्याची सूचना मिळाली, त्याने तंबाखू सोडली, औषध सुरू केले आणि तो वाचला, म्हणजे वहीत काय नोंद होते? सूचना दिली होती, पण काही घडले नाही. अशा नोंदी वाढल्या की नियमच चुकीचा भासू लागतो. म्हणून जाणता संख्याशास्त्रज्ञ कोणाला किती उपचार मिळाले हे पाहिल्याशिवाय कोणत्याही नियमास खरा वा खोटा म्हणत नाही.

ह्या साऱ्या विद्येचा आरंभ पुष्कळ अंशी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम नावाच्या एका गावात झाला. १९४८ साली तेथील ५,२०९ स्त्रीपुरुषांची नावे नोंदवून डॉक्टरांनी त्यांना वर्षानुवर्षे तपासले आणि कोणाला हृदयविकार होतो, कोणाला होत नाही, हे टिपून ठेवले. रक्तदाब, रक्तातील चरबी, धूम्रपान, वय अशा अनेक कारणांची एकत्र मोट बांधून त्यांतून एकच आकडा काढावा कसा, हा प्रश्न होता. १९६० नंतरच्या दशकात तो सोडविण्यात ज्यांचा मोठा हात होता, ते संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफील्ड हे इतिहास विषयाचे पदवीधर होते. शाळेत गणितास भिणाऱ्या आमच्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

पण फ्रेमिंगहॅमचे ते लोक बहुतेक गोऱ्या वंशाचे. त्यांच्या आयुष्यावरून बांधलेले गणित तापीकाठच्या माणसाला लागू पडेल काय? येथे आपल्या मराठी मुलखातील एक थोर कार्य सांगितले पाहिजे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापले. त्यात ते स्वतः आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन असे दोघे शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा जो निर्देशांक डॉक्टर लोक वापरतात, तो दोघांचाही सारखाच, २२.३. म्हणजे कागदावर दोघे जुळे भाऊच. पण अंगातील चरबी मोजली, तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात ती शेकडा ९.१ आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या शरीरात शेकडा २१.२ भरली! आपली माणसे दिसावयास सडपातळ, पण पोटाभोवती व आतून मेद बाळगून असतात. गोऱ्या लोकांच्या कोष्टकाने पाहिले तर आपण निरोगी ठरतो आणि तरीही आपल्याला मधुमेह गाठतो. आमच्या बायाबापड्या आशाताईंच्या फितीपुढे संकोचतात, अगर "आम्ही वाळलेली माणसे, आमची कंबर काय मोजता" असे म्हणून हसण्यावारी नेतात. वजनाच्या काट्याने जे कळत नाही ते ही फीत सांगते, हे त्यांस घरच्या शिकलेल्या मुलींनी समजावून द्यावे.

चेन्नईची गुणपत्रिकाही शहरातल्या माणसांवरून बांधलेली आहे. दिवसभर कापसाच्या व केळीच्या शेतात राबणाऱ्याला ती जशीच्या तशी चपखल बसेल, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या माणसांच्या नोंदींवरून नियम कापला, त्यांच्या अंगावर तो नेहमीच सुरेख बसतो. दुसऱ्या गावी नेऊन बेतल्यावरच शिंप्याचे कसब कळते. इंग्लंडात हल्ली हृदयविकाराचा जो हिशेब डॉक्टर मांडतात, त्यात माणूस भारतीय, पाकिस्तानी की बांगलादेशी वंशाचा, हेही विचारतात, कारण तेथे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांचा धोका केवळ गोऱ्यांच्या आकड्यांवरून नीट कळत नसे.

येथवर आम्ही प्रौढांच्या रोगांविषयी लिहिले. परंतु ह्या विद्येचे सर्वांत हृदयस्पर्शी फळ आम्हांस पाळण्याजवळ दिसते.

आमचे बुऱ्हाणपूर हे एका बाळंतिणीच्या मृत्यूमुळे इतिहासात अजरामर झाले आहे. १६३१ च्या जूनमध्ये बादशहा शहाजहानची बेगम मुमताजमहल येथे आपल्या चौदाव्या बाळंतपणात मरण पावली. बादशाही हकीम, दायी, दौलत, सारे काही हाताशी होते. मुलगी जगली, आई गेली. आज एखादी माता अडतिशीच्या घरात असताना चौदाव्या खेपेस गरोदर आहे असे कळले, तर आपली साधी परिचारिकाही तिच्या कार्डावर लाल खूण केल्यावाचून राहणार नाही. सरकारच्या २०१६ पासूनच्या योजनेत दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर स्त्रियांची तपासणी होते आणि जोखमीच्या गरोदरपणास लाल चिकटपट्टी लावतात. जे ज्ञान तेव्हा शाही हकिमांपाशी नव्हते, ते आज गावच्या बाईपाशी आहे.

आणि हे ज्ञान गावच्या बायांनीच मिळवावे, असाही एक प्रसंग महाराष्ट्रात घडून आला. गडचिरोली हा अरण्याचा व आदिवासींचा जिल्हा. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या दांपत्याने आपल्या 'सर्च' संस्थेमार्फत बालमृत्यूंचा प्रश्न हाती घेतला. त्या काळी बाळंतपणे बहुतेक घरातच होत. १९९३ ते १९९५ ह्या वर्षांत निवडलेल्या ३९ गावांत जन्मलेल्या दर हजार अर्भकांपैकी ६२ अर्भके पहिल्या महिन्यातच दगावत होती. ती कशाने जातात हे कोणास नीट ठाऊक नव्हते, कारण नवजात मूल मेले की त्याला पुरून टाकावयाचे. वहीत नाव नाही, कारण नाही. गावोगावच्या थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना तेथे आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या बाळंतिणीच्या घरी ठरल्या दिवशी जात, बाळाचे वजन घेत, ताप पाहत, श्वास मोजत आणि दिसेल ते लिहून ठेवीत. १९९५-९६ ह्या एका वर्षात ७६३ बाळांच्या अशा नोंदी झाल्या. मरण पावलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळे जंतुदोषाने, म्हणजे रक्तात वा फुप्फुसांत विष पसरून गेली होती.

आता असा जंतुदोष ओळखावयाचा कसा? मोठ्या रुग्णालयात रक्त तपासतात, त्याला दिवस लागतात. झोपडीत काय करावे? डॉ. बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्यदूतांच्या नोंदींतील लक्षणे एकेक करून मृत्यूंशी ताडून पाहिली आणि अखेर सात लक्षणे उरली. बाळाचे दूध ओढणे कमी होणे वा थांबणे. रडणे क्षीण होणे वा बंद पडणे. हातपाय लुळे, सैल पडणे. उलट्या होणे किंवा पोट फुगणे. बाळ हाताला गार लागते असे आईने सांगणे. श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाणे. आणि नाळेची जागा पिकणे. यांपैकी कोणतीही दोन लक्षणे एकाच वेळी दिसली, की धोका समजावा. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. आणि पाहा, सातांपैकी एक लक्षण तर केवळ आईचा शब्द आहे! तिचा तळहात बाळाच्या अंगाला लागतो आणि ती म्हणते, आज हे गार लागते. शास्त्राने तो शब्द मोजून पाहिला आणि तो उपयोगाचा ठरला. आम्हांस ह्या साऱ्या कार्यात ही गोष्ट सर्वांहून अधिक मोलाची वाटते.

२००५ साली हा नियम प्रसिद्ध झाला, तो त्याच्या चुकांसकट. शंभर नवजात बाळांमागे दहा-अकरांवर ह्या नियमाने बोट ठेवले. जंतुदोषाने गेलेले एकही बाळ त्यातून निसटले नव्हते. परंतु ज्यांच्यावर बोट ठेवले, त्या दर शंभरांपैकी सुमारे २७ च उपचारावाचून मृत्युमुखी पडणारी होती. उरलेली ७३ वाचलीच असती. कोणी म्हणेल, मग त्या त्र्याहत्तर बाळांना सुया टोचल्या त्या व्यर्थच ना? वाचकांपैकी ज्या मातापित्यांनी पहिल्या महिन्यात मूल पुरले आहे, त्यांनाच हा प्रश्न विचारावा. सत्तावीसांपैकी एकही बाळ सुटू नये म्हणून किती जणांना विनाकारण औषध द्यावे, हा हिशेब संख्याशास्त्र आपल्यापुढे मांडून ठेवते. निर्णय माणसाने करावयाचा असतो, आणि तो कोणास वाचवावयाचे आहे ह्यावर अवलंबून असतो. लहानशा झोपडीत, दोन औषधांनी, शिकविलेल्या बाईच्या हातून उपचार होत असेल, तर त्र्याहत्तर वेळा विनाकारण घाबरणे आम्ही स्वस्त समजतो.

१९९६ पासून आरोग्यदूत स्वतः औषधोपचार करू लागल्या. आधी जंतुदोष झालेल्या शंभर बाळांपैकी सोळा-सतरा जात. उपचार सुरू झाल्यावर तीनांहून कमी जाऊ लागली. पहिल्या महिन्यातील मृत्यू हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आले. जेथे हे काम झाले नाही अशा शेजारच्या गावांत ते साठाच्या आसपासच राहिले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हा वृत्तान्त छापून आला. पुढे २००८ साली भारतासह सहा देशांतील तान्ह्या मुलांच्या नोंदींवरून अशीच सात लक्षणांची आणखी एक यादी निघाली. ती हुबेहूब तीच नव्हे, पण दूध न ओढणे आणि छाती आत ओढली जाणे ही दोन लक्षणे तिच्यातही आहेत. २०११ पासून आपल्या देशातील आशाताई घरोघर नवजात बाळांना भेटू लागल्या, त्यामागे गडचिरोलीच्या त्या बायांच्या वह्या आहेत.

असो. ह्या विद्येची आम्ही स्तुती केली. पण तिच्या नावाने जो बाजार मांडला जातो त्याविषयी आमचे मत निराळे आहे. भ्रमणध्वनीवर अंगठा ठेवा आणि तुमच्या हृदयाचे आयुष्य जाणून घ्या, अशा जाहिराती आमच्या तरुणांच्या हाती येतात. हा नियम कोणत्या माणसांच्या नोंदींवरून काढला, किती वेळा चुकला, दुसऱ्या कोणी तो तपासला काय, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे जेथे मिळत नाहीत, तेथे पोपटवाल्याला पैसे दिलेले बरे. त्यात निदान पोपटाचे तरी पोट भरते.

आणखी एक गोष्ट आपल्याच अंगणातली. बेरीज खरी येण्यास उत्तरे खरी हवीत. आशाताई येतात तेव्हा पुरुष मजुरीवर असतात. त्यांची उत्तरे बायका देतात, आणि "आमचे हे दारूला शिवत नाहीत" असे सासूच्या देखत सांगतात. काही ठिकाणी फीत पिशवीतच राहते आणि कमरेचा घेर अंदाजाने लिहिला जातो, असेही आमच्या कानांवर आले आहे. ज्या बाईला एका सकाळी वीस घरे फिरावयाची आहेत, तिला घाई होणारच. आपण तिला बसावयास पाट व प्यावयास पाणी देऊन म्हणावे, ताई, मोजा. जो पुरुष घरी नव्हता त्याने रविवारी वा बाजाराच्या दिवशी तिला गाठून आपली उत्तरे आपल्या तोंडाने द्यावी. पापनिवेदनात जो तंबाखू-दारूविषयी मोकळेपणाने बोलतो, त्याला आशाताईपुढे अडखळण्याचे कारण नाही.

बाळंतिणीच्या घरच्यांसाठी शेवटी एवढे लिहून ठेवतो. मूल रुग्णालयात जन्मले असेल तर आशाताईंच्या भेटीचे दिवस ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ हे असतात. घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवशीही त्यांनी यावयाचे असते. हे दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावे आणि त्या आल्या नाहीत तर निरोप पाठवावा. गडचिरोलीचा नियम दोन लक्षणांचा असला, तरी आज औषध व रुग्णालय जवळ आले आहे. तेव्हा दुसऱ्या लक्षणाची वाट पाहत बसू नये. बाळाने दूध ओढणे सोडले किंवा अंग गार पडले, की त्याला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वरून पांघरूण घालावे, १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी आणि रात्र असली तरी निघावे.